मॅटर्निटी लीव्हचा पगार कंपनीकडून कसा घ्यायचा: पहिल्या मेलपासून लेबर ऑफिसपर्यंत

२०१८ ला माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मी एका छोट्या कंपनीत अकाउंट्सला होते, पंचवीसेक जणांचा स्टाफ. पाचव्या महिन्यात साहेबांना सांगायला गेले तर म्हणाले, आपल्याकडे तशी काही पॉलिसी नाही, तीन महिने घरी राहा पण पगार नाही मिळणार, नाहीतर सरळ राजीनामा दे आणि बाळ मोठं झालं की बघू. मी घरी येऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा टाईप करून दिला. पुढे दुसरीकडे पेरोलला लागले, तिथे हा कायदा ओळ न ओळ वाचावा लागला, तेव्हा कळलं की सहा महिन्यांचा पगार माझ्या हक्काचा होता आणि मी तो दोन ओळींच्या राजीनाम्यावर सोडून आले. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण अजूनही दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी ओळखीतली फोन करते आणि तिचंही वाक्य तेच असतं, "आमच्या कंपनीत पॉलिसी नाहीये गं."

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा. पॉलिसी असो नसो, काही फरक पडत नाही. बाळंतपणाच्या रजेचा पगार कायद्याने येतो, कंपनीच्या हँडबुकमधून नाही. कंपनी कायद्यापेक्षा जास्त देऊ शकते, कमी देऊ शकत नाही, आणि तुमच्याकडून "मला मॅटर्निटी लीव्ह नको" असं आधी लिहून घेतलं असलं तरी तो कागद कायद्यापुढे टिकत नाही.

कायदा कोणता आणि तो तुमच्या ऑफिसला लागू आहे का

मूळ कायदा १९६१ चा, मॅटर्निटी बेनिफिट अ‍ॅक्ट. १ एप्रिल २०१७ पासून त्यात मोठी दुरुस्ती आली आणि १२ आठवड्यांची रजा २६ आठवडे झाली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झालीये आणि हा विषय तिच्या सहाव्या प्रकरणात गेलाय. एचआरने "तो जुना कायदा रद्द झाला" असं सांगितलं तर अर्धंच खरं आहे, कायद्याचं नाव बदललं पण २६ आठवडे, ८० दिवसांची अट, नोकरीचं संरक्षण हे सगळं नवीन संहितेत तसंच आहे. अर्जात आता संहितेचं नाव घाला म्हणजे ही पळवाट राहत नाही.

कारखाना, खाण, मळा असेल तर लागू. दुकान, ऑफिस, क्लिनिक, शाळा, क्लास असं काही असेल तर मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी तिथे १० किंवा जास्त माणसं कामाला असली की लागू. त्या दहात फक्त बायका धरायच्या नाहीत, सगळे धरायचे, शिपाई, ड्रायव्हर, पार्टटाईम सगळे. आज आठच जण आहेत म्हणून सांगतील पण चार महिन्यांपूर्वी अकरा होते, तर तेही चालतं. सरकारी नोकरीत असाल तर तुमचे सेवा नियम वेगळे, तिथे १८० दिवस असतात, त्यामुळे हा लेख मुख्यतः प्रायव्हेटवाल्यांसाठी आहे.

दहापेक्षा खरंच कमी माणसं असतील तर हा कायदा मालकावर बंधनकारक नाही, तिथे बोलून जेवढं मिळेल तेवढं. अशा वेळी निदान प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचा फॉर्म अंगणवाडीतून भरा, पहिल्या बाळाला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० मिळतात. पगाराची भरपाई त्यातून होत नाही हे मला माहीत आहे, पण सोडू नका.

८० दिवस मोजा, आजच

एकच मुख्य अट आहे. डॉक्टरांनी दिलेल्या ड्यू डेटच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे तुम्ही किमान ८० दिवस काम केलेलं पाहिजे. बस. वर्ष पूर्ण पाहिजे, कन्फर्मेशन पाहिजे, प्रोबेशन संपलेलं पाहिजे, यातलं काहीही कायद्यात नाही. ८० दिवसांत भरपगारी सुट्ट्या धरल्या जातात, कंपनीने कामच नाही म्हणून घरी बसवलं असेल ते दिवसही धरले जातात.

उदाहरण घेऊ. ड्यू डेट २० नोव्हेंबर. मग आदल्या वर्षीच्या २० नोव्हेंबरपासून मोजायला सुरुवात करा, मस्टर किंवा पंचिंगचा रिपोर्ट काढा आणि दिवस मोजून लिहून ठेवा. जूनमध्ये जॉईन झाली असाल तरी सप्टेंबर संपायच्या आत ८० दिवस आरामात होतात. प्रेग्नंट असताना नवीन नोकरी धरली म्हणून हक्क जातो असं नाही.

कॉन्ट्रॅक्टवर असणाऱ्यांना सगळ्यात जास्त घाबरवलं जातं. सुप्रीम कोर्टाने २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टर रोलवरच्या म्हणजे रोजंदारीच्या बायकांच्या केसमध्ये सांगून टाकलंय की त्यांनाही हा लाभ मिळालाच पाहिजे. आणि २०२३ मध्ये कॉन्ट्रॅक्टवरच्या एका डॉक्टरच्या केसमध्ये असं सांगितलं की कॉन्ट्रॅक्टची मुदत रजेच्या मध्येच संपली तरी रजेचा पूर्ण लाभ द्यावा लागेल, मुदत संपली म्हणून तो तिथे तोडता येत नाही. ठेकेदारामार्फत असाल तर अर्ज ठेकेदाराला द्या आणि एक प्रत मूळ कंपनीच्या एचआरला पण द्या, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

पैसे कंपनी देणार की ईएसआयसी, हे स्लिपवर बघा

सॅलरी स्लिप काढा. त्यात ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, ०.७५ टक्के कापले जातायत का बघा. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल तर बहुतेक कापले जात असतील, आणि मग बाळंतपणाचे पैसे कंपनी नाही तर ईएसआयसी, म्हणजे हा विमा चालवणारं सरकारी महामंडळ, देते, तेवढेच २६ आठवडे, सरासरी रोजच्या पगाराच्या शंभर टक्के. तिथे अट वेगळी आहे, मागच्या दोन काँट्रिब्युशन पिरियडमध्ये मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. हे पिरियड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात.

इथे एक काम नक्की करा, ईएसआयसीच्या पोर्टलवर स्वतःच्या इन्शुरन्स नंबरने लॉगिन करून वर्गणी खरंच जमा होतेय का ते तपासा. पगारातून कापून घेतात आणि भरतच नाहीत असं होतं आणि ते नवव्या महिन्यात कळलं तर फार धावपळ होते. चौथ्या-पाचव्या महिन्यात कळलं तर लेखी तक्रार करून भरायला लावता येतं.

ईएसआय नसेल किंवा पगार मर्यादेच्या वर असल्यामुळे तुम्ही त्यातून बाहेर असाल तर सगळी जबाबदारी मालकाची. दोन्हीतून काहीच नाही असं होऊ शकत नाही. आणि पैसे ईएसआयसी देत असली तरी रजा देणं आणि नोकरी राखून ठेवणं हे कंपनीलाच करावं लागतं.

रजा किती

हयात असलेली मुलं दोनपेक्षा कमी असतील, म्हणजे पहिलं किंवा दुसरं बाळंतपण, तर २६ आठवडे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे ड्यू डेटच्या आधी घेता येतात, बाकीचे नंतर. आधी घेतलेच पाहिजेत असं नाही, तब्येत चांगली असेल आणि शेवटपर्यंत कामावर गेलात तर सगळे नंतर मिळतात. वरच्या उदाहरणात लवकरात लवकर २५ सप्टेंबरपासून जाता येईल आणि रजा २५ मार्चला संपेल.

दोन किंवा जास्त मुलं हयात असतील तर १२ आठवडे, त्यातले ६ आधी. खूप ठिकाणी तिसऱ्याला काहीच नाही म्हणून सांगतात, चुकीचं आहे, कमी मिळते पण मिळते आणि भरपगारी मिळते. २०१७ च्या दुरुस्तीत तीन महिन्यांच्या आतलं बाळ दत्तक घेणाऱ्या आईला आणि सरोगसीतून बाळ झालेल्या आईला बाळ हातात आल्यापासून १२ आठवडे दिलेत.

डिलिव्हरीनंतरचे सहा आठवडे तर मालक तुम्हाला कामाला लावूच शकत नाही, तुम्ही हो म्हणालात तरी. आणि शेवटच्या दिवसांत उभं राहून करायचं, जड उचलायचं असं काम नको असेल तर लेखी मागा. ड्यू डेटच्या सहा आठवडे आधी जो एक महिना येतो त्यात असं काम देता येत नाही, आणि त्या शेवटच्या सहा आठवड्यांतही तुम्ही रजेवर न जाता कामावर असाल तर तेव्हाही देता येत नाही.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. गर्भपात झाला, आपोआप किंवा डॉक्टरांनी कायदेशीर केला, तर त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ६ आठवडे भरपगारी रजा आहे. डॉक्टरचं सर्टिफिकेट द्यायचं. बायका चार दिवसांत कामावर येतात कारण सांगायचं कसं हा प्रश्न असतो, मला समजतं ते, पण सर्टिफिकेट फक्त एचआरला द्यायचं असतं, डिपार्टमेंटमध्ये कोणाला काही सांगायची गरज नाही.

आणि २६ आठवडे उलटून गेल्यावर बाळ मृत जन्माला आलं तर कायद्याने ती डिलिव्हरीच आहे, गर्भपात नाही. म्हणजे पूर्ण रजा. आमच्याकडे एका मुलीला आठव्या महिन्यात असं झालं, तिच्या फाईलवर सहा आठवडे टाकून मोकळे झाले होते, मी व्याख्या काढून दाखवली तेव्हा दुरुस्त झालं. ती स्वतः भांडायच्या अवस्थेत नव्हतीच, कोण असेल. तुमच्या जवळच्या कोणावर अशी वेळ आली तर तिच्या वतीने तुम्ही हा मेल टाका.

याशिवाय गरोदरपण, डिलिव्हरी, वेळेआधी झालेलं बाळ किंवा गर्भपात यातून आजारपण आलं तर वर आणखी एक महिन्यापर्यंत भरपगारी रजा मिळते, आणि नसबंदीच्या ऑपरेशनला दोन आठवडे. ही रजा २६ आठवड्यांतून कापायची नाही, ती वेगळी.

पगाराचा हिशोब स्वतः करा

रजेवर जायच्या तारखेच्या आधीचे तीन कॅलेंडर महिने घ्यायचे, त्यातल्या कामाच्या दिवसांच्या वेतनाची रोजची सरासरी काढायची, आणि ती रजेच्या दिवसांनी गुणायची. आठवडा म्हणजे सात दिवस, रविवार धरून. सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच हे स्पष्ट केलंय, तरी रोजंदारीच्या ठिकाणी रविवार कापतात. रोज ६०० रुपये असेल तर २६ आठवड्यांचे १८२ दिवस म्हणजे १,०९,२०० रुपये होतात. रविवार कापले तर १५६ दिवसांचे ९३,६०० च हातात येतात, म्हणजे १५,६०० रुपये गेले. बाळंतपणाच्या घरात पंधरा हजार काय असतात ते वेगळं सांगायला नको.

महिन्याच्या पगारवाल्यांनी एक बघायचं, कंपनी "वेतन" म्हणून कुठला आकडा धरतेय. नवीन संहितेत एचआरए म्हणजे घरभाडं, कन्व्हेयन्स म्हणजे प्रवासखर्च असे काही भत्ते वेतनातून वगळता येतात पण ते एकूण पगाराच्या ५० टक्क्यांच्या वर गेले तर वरचा भाग परत वेतनात धरावा लागतो. म्हणजे पगार ४०,००० आणि बेसिक फक्त १२,००० दाखवलाय तर १२,००० वर हिशोब करता येणार नाही, किमान २०,००० धरावे लागतील. बऱ्याच कंपन्या पूर्ण ग्रॉस, म्हणजे भत्त्यांसकट पगार, देतात. तुमच्याआधी रजेवर गेलेल्या कोणाला ग्रॉस मिळाला असेल तर ते विचारून घ्या आणि मेलमध्ये तेवढाच मागा.

पैसे कधी? डिलिव्हरीआधीच्या दिवसांचे पैसे प्रेग्नन्सीचं सर्टिफिकेट दिल्यावर आगाऊ द्यायचे असतात, आणि उरलेले डिलिव्हरीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्या दर महिन्याला पगारासारखे टाकतात आणि ते सोयीचंही पडतं, पण "परत आल्यावर देऊ" हे चालणार नाही. अर्धे आता अर्धे जॉईन झाल्यावर, सहा महिने टिकलीस तर, असल्या अटी मान्य करू नका. शिवाय कंपनीने डिलिव्हरीच्या आधीची-नंतरची तपासणी फुकट दिली नसेल तर ३,५०० रुपये मेडिकल बोनस वेगळा. हा न मागता मिळालेला मी अजून पाहिला नाही, त्यामुळे अर्जात लिहाच.

अर्ज

तोंडी सांगून थांबू नका, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतेय. मेल टाका, किंवा कागदावर देऊन दुसऱ्या प्रतीवर सही-तारखेची पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत दिला तर बरं, पण उशीर झाला, अगदी डिलिव्हरी झाल्यावर दिला तरी चालतो, आधी नोटीस दिली नाही म्हणून हक्क बुडत नाही.

भाषा साधी ठेवा, असं काहीसं:

"मी अमुक विभागात अमुक तारखेपासून कामाला आहे. माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख २० नोव्हेंबर आहे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० च्या सहाव्या प्रकरणानुसार मी २५ सप्टेंबरपासून २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा घेत आहे. या काळात मी दुसरीकडे काम करणार नाही. माझ्या रजेचं वेतन व मेडिकल बोनस माझ्या पगाराच्या खात्यात जमा करावा. माझ्या पश्चात ही रक्कम माझे पती / आई यांना द्यावी. कृपया रजा मंजुरीचं पत्र द्यावं."

नॉमिनीची ओळ अशुभ वाटते म्हणून गाळू नका, कायद्यात ती मागितलेली आहे. आणि दुसरीकडे काम करणार नाही हे नुसतं लिहायला नाही, रजेत खरंच दुसरीकडे नोकरी केलीत तर त्या दिवसांचा लाभ जातो. "विनंती" हा शब्द घालायचा असेल तर घाला, पण "रजा घेत आहे" असंच लिहा, "मिळाल्यास उपकृत होईन" नको. हा उपकार नाहीये. मुंबई प्रांतात १९२९ मध्ये गिरणी-कारखान्यातल्या बायकांसाठी असा कायदा झाला, देशातला पहिला, आणि त्याआधी १९२८ ला विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं होतं. इतकी जुनी गोष्ट आहे ही.

या सगळ्या कागदांची एक फाईल करा आणि ती घरी ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही. अपॉइंटमेंट लेटर, मागच्या सहा महिन्यांच्या स्लिप, हजेरी, सोनोग्राफी रिपोर्ट, अर्जाची पोच. ऑफिसच्या मेलवरचं सगळं आपल्या पर्सनल मेलवर घ्या, कारण लॉगिन बंद झालं की हातात काही उरत नाही.

राजीनामा मागितला तर

देऊ नका. हे वाक्य मी फोनवर सगळ्यात जास्त वेळा बोलते. रजेवर असताना काढून टाकणं किंवा रजेच्या काळात संपेल अशी नोटीस देणं बेकायदेशीर आहे, पगार किंवा हुद्दा कमी करणं, तुमच्या तोट्याचे बदल करणं तेही बेकायदेशीर. गरोदर आहे म्हणून काढलं तरी हा लाभ बुडत नाही. हे मालकाला किंवा त्याच्या वकिलाला माहीत असतं, म्हणूनच काढत नाहीत, राजीनामा मागतात. तुम्ही सही केलीत की "तिने स्वतः सोडली" असं होतं.

केबिनमध्ये बोलावून दबाव आणला तर एवढंच म्हणा, मला घरी बोलून मेलवर कळवते. आणि त्याच संध्याकाळी मेल टाका, "आज अमुक वाजता मला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, मला नोकरी सोडायची नाही, मी प्रसूती रजेचा अर्ज अमुक तारखेला दिला आहे." भांडायचं नाही, शिव्या नाही, फक्त तारीख आणि वाक्य. असा मेल गेल्यावर बऱ्याच ठिकाणी सूर बदलतो, मी पाहिलंय. तरीही काढलंच तर पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करता येतं, ही मुदत कॅलेंडरवर लिहा, बाळाच्या गडबडीत दोन महिने कसे जातात कळत नाही.

पैसेच देत नसतील तर आधी सात-आठ दिवसांची मुदत देऊन एक लेखी आठवण, मग जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार. साध्या कागदावर चालते, फाईलमधल्या झेरॉक्स जोडा. तिथला इन्स्पेक्टर चौकशी करून पैसे द्यायचा आदेश काढू शकतो, आणि तो आदेश पटला नाही तर ३० दिवसांत वर अपील आहे. लाभ न देणाऱ्या मालकाला कायद्यात शिक्षा आहे, पण तुम्ही शिक्षेपेक्षा पैशावर आणि नोकरीवर लक्ष ठेवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना तिथे फुकट वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नवऱ्याला, बहिणीला, कोणालातरी सोबत न्या, ओल्या बाळंतिणीने तिथल्या बाकावर तासनतास बसू नये.

परत जॉईन होताना

रजा संपायच्या दोन आठवडे आधी जॉईनिंगचा मेल टाका आणि त्यातच पुढच्या दोन गोष्टी मागून घ्या. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन नर्सिंग ब्रेक मिळतात, जेवणाच्या सुट्टीशिवाय आणि पगार न कापता. दूध काढायला टॉयलेटमध्ये उभं राहायची वेळ माझ्या दोन मैत्रिणींवर आली, म्हणून वेळेसोबत जागाही आधीच ठरवून घ्या. ५० किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीने पाळणाघराची सोय करायची आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं. कामाचं स्वरूप तसं असेल तर काही दिवस घरून काम करायची मुभा दोघांच्या संमतीने ठरवता येते, ही सक्तीची नाही, पण कायद्यात लिहिलेली आहे म्हणून मागायला संकोच नको.

जॉईन झाल्यावर खुर्ची दुसऱ्याला दिलीये आणि तुम्हाला कमी पगाराच्या किंवा खालच्या जागेवर बसवतायत असं दिसलं तर पहिल्याच आठवड्यात मेल करा, आधीचा हुद्दा, आधीचा पगार, आताचा हुद्दा, आताचा पगार, चार ओळी. महिनाभर गप्प बसून काम केलं की ते तुम्ही मान्य केलं असं दाखवायला त्यांना सोपं जातं.